मुदतीत न लिहिलेलं पत्र

प्रिय काडी,

कोर्टाचा कागद मिळाला. त्यावर माझं पूर्ण नाव आडनावासकट, आणि तुझ्या नावापुढे 'वादी'. शाळेत बडबड केली की बाई आपल्याला वर्गात समोरासमोर उभं करायच्या, ते आठवून आधी हसूच आलं. तेव्हा तुला हसू आवरत नसे. मागच्या महिन्यात तू जागेची मापं घ्यायला आलीस, माझे लोखंडी खांब पाहिलेस, आणि माझा नवरा अगदी सहज म्हणून गेला की ही जागा आता आमचीच. चहाही न घेता गेलीस. भांडली असतीस तर बरं झालं असतं.

पत्रात आधी खुशाली लिहायची सवय आहे, म्हणून लिहिते. लॉन्ड्रीतला इस्त्रीवाला काम सोडून गेला. मोठं मशीन कपडे पिळताना रेड्यासारखं ओरडतं आणि नवरा रोज त्याला तेल पाजतो, स्वतःच्या गुडघ्यांना मात्र लावत नाही. लेकीला हा धंदा नको आहे. हात सुरकुततात म्हणते. खरंच आहे, माझे बघ की.

आमची लॉन्ड्री आणि तुझ्या वडिलांनी घेतलेली मोकळी जागा, मध्ये गुडघाभर भिंत. आमच्याकडे शेजारच्या इमारतीची सावली, तुझ्याकडे सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऊन. नोकरीसाठी लांब निघालीस तेव्हा बसच्या खिडकीतून तू मला सांगितलंस की जागेवर लक्ष ठेव, मी घर बांधेपर्यंत चादरी वाळत घाल, तेवढंच गवत तुडवलं जाईल. ना कागद, ना भाडं. आपल्यात कागद कशाला? मी दर पंधरवड्याला गवत उपटलं, कचरा टाकणाऱ्यांशी तुझ्या वतीने कडाकडा भांडले. तेव्हा मला त्या जागेचा लोभ नव्हता, हे खरंच मान.

तुझे वडील गेल्यावर जागेचा कर कुणीच भरला नाही. बिलं त्यांच्या बंद खोलीच्या पत्त्यावर जात राहिली आणि तुला काही कळलं नाही. तू कोर्टात हेच म्हटलं आहेस आणि ते खरं आहे. पण मला कळलं होतं. नगरपालिकेच्या शिपायाने लिलावाची नोटीस चिकटवली ती नेमकी माझी दोरी बांधलेल्या खांबाला. लिलावाला चार दिवस उरले होते, पत्र तुला पोचायला आठवडा, आणि फोन ना तुझ्याकडे ना माझ्याकडे. वखारवाल्याला लाकडं रचायला ती जागा हवी होती, म्हणून नव्या मशीनसाठी साठवलेले पैसे घेऊन मीच लिलावाला गेले. देवाशप्पथ, त्या दिवशी मी ती तुझ्यासाठी घेतली. कारकुनाने समजावलं की मालकिणीने वर्षाच्या आत थकलेला कर आणि माझे पैसे व्याजासकट भरले तर जागा परत तिची, वर्ष उलटलं की कायमची माझी. मी म्हटलं, अहो, वर्ष कशाला, ती पत्र मिळताच धावत येईल. संध्याकाळी लिहायला बसले आणि वाटलं, पावती हातात आली की लिहू.

पावती आली. त्याच आठवड्यात रुग्णालयाचं काम मिळालं, दिवसाला दोनशे चादरी. तेवढ्या आमच्या सावलीत वाळल्या नसत्या. मग मी दोऱ्या सोडल्या आणि लोखंडी खांब रोवले, सिमेंट घालून. सिमेंट कालवतानाच मला कळत होतं. उद्या परत द्यायच्या जागेत कुणी सिमेंट ओतत नाही.

त्या वर्षात मी तुला अकरा पत्रं लिहिली. सासऱ्यांचं आजारपण, लेकीचा निकाल, पळून गेलेली मांजर, सगळं लिहिलं, एवढं सोडून. मुदतीच्या शेवटच्या दिवशी तर तुझ्या नोकरीच्या पांढऱ्या गणवेशावरचा गंजाचा डाग कसा काढायचा यावर चार पानं खरडली. डाग निघाला असं तुझं उत्तर आलं. वर लिहिलं होतंस, तुझ्यासारखी मैत्रीण शोधूनही सापडायची नाही. तरी लिहिलं नाहीच.

मला ती जागा हवी होती, काडी. दुसरं काही कारण नाही. नवरा म्हणतो, इतक्या वर्षांत तिला एकदा यायला काय झालं होतं? कधीकधी मलाही तुझा राग येतो. एवढी शिकलेली तू, जागेला कर असतो हे तुला सुचू नये? पण हा राग मला फारच सोयीचा आहे, म्हणून मी त्याचं ऐकत नाही. कुंपणानेच शेत खाल्लं, असं तू माझ्या भावाजवळ म्हणालीस म्हणे. झोंबलं मला. मात्र खोटं आहे असं म्हणता आलं नाही.

मंगळवारी सुनावणी आहे, त्यासाठी तू गावात येऊन राहिली आहेस असं कळलं, म्हणून हे पत्र टपालात न टाकता लेकीच्या हाती पाठवते आहे. माझे वकील म्हणतात, सगळं एकाच गोष्टीवर अडलं आहे: तू जागा माझ्यावर सोपवली होतीस की नाही. सोपवली असेल, तर राखणारीने ती स्वतःसाठी घेणं कोर्टाला चालणार नाही. नसेल, तर मी लिलावातली कुणीही एक गिऱ्हाईक. तुझ्याकडे त्याचा एकही कागद नाही, म्हणून ते निर्धास्त आहेत. त्यांनी माझ्याकडून तीनदा घोकून घेतलं. जागा सांभाळायला सांगितली होती का, असं विचारलं की मी 'नाही' म्हणायचं. तिन्ही वेळा मी न अडखळता म्हणाले. चौथ्यांदा कोर्टात वेगळं म्हणेन, असा माझा मलाच भरवसा नाही. त्या दिवशीही मी दोनशे चादरी वाळत घालूनच घरून निघेन. म्हणून आज, धीर आहे तोवर, लिहून टाकते. ती जागा तू मला सांभाळायला दिली होतीस. लिलाव झाल्याचं आणि तुला वर्षाची मुदत असल्याचं मला ठाऊक होतं, आणि ती संपेपर्यंत मी ते तुझ्यापासून लपवलं. हे पत्र वाचून फाडू नकोस, जपूनही ठेवू नकोस. मंगळवारच्या आत तुझ्या वकिलांना नेऊन दे.

तुझीच,
ढब्बू

(खाली तारीख घालून पूर्ण नावाने सही केली आहे. ढब्बूला कोर्टात कोण ओळखतं?)