टिकली लावलेलं बटण

सनीव्हेल, अमेरिका,
२८ एप्रिल २००५

चिरंजीव विनय यास आईचे आशीर्वाद.

आधी ओळख सांगते, नाहीतर पाकीट उलटसुलट करत बसशील. मी तुझी आई. जानेवारीत तूच मला तुझ्या मुलाकडे, सिद्धेशकडे यायला विमानात बसवलंस आणि माझ्या गुडघ्याचं तेल स्वतःच्या पिशवीत घेऊन घरी गेलास. चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधणाऱ्याला आई कुठे ठेवलीय ते आठवेल, अशी माझी अपेक्षा नाही.

अक्षर देवयानीचं आहे. वरच्या मजल्यावर राहते, गुणी पोर. मी बोलेन ते सगळं लिहायचं, गाळायचं नाही, अशी शपथ घातलीय. तिचा नवरा रवी उद्या ऑफिसच्या कामाला पुण्याला निघालाय, तो हे तुझ्या हातात देईल. फोनवर का सांगत नाही म्हणशील. फोनवर सिद्धेशचं नाव काढलं की तुझ्या दारावर कुणीतरी येतं. दीड वर्षात तुझ्या दारावर आली तेवढी माणसं देवळातसुद्धा येत नाहीत.

तब्येत बरी आहे. जेवण मात्र जात नाही, किळस बसलीय. कशाची ते ऐक.

तुझा मुलगा, त्याचा मित्र प्रथमेश आणि आणखी दोघं एकोणीस मेला युटा नावाच्या राज्यात चाललेत. तिथं वाळवंटात नदीनं डोंगर कापून खोल घळ केलीय. दोर टाकून आत उतरायचं आणि पोहत, सरपटत, लोंबकळत तीन दिवसांनी दुसऱ्या टोकाला बाहेर यायचं. मी विचारलं, त्या टोकाला काय, देऊळ आहे? नाही. पाहुणे राहतात? नाही. "मग कशाला रे?" "आजी, मजा."

मजा अशी की नदी घाण करायची नाही असा तिथला नियम. म्हणून प्रत्येकानं आपापलं पिशवीत करायचं, तोंड बांधायचं आणि पाठीवर वागवत परत आणायचं. देवयानी एका हातानं नाक धरून लिहितेय. त्या पिशव्यांचा गठ्ठा माझ्या पोळ्यांच्या डब्याला टेकवून ठेवला होता! कोऱ्या असल्या म्हणून काय झालं? डबा तीनदा घासला.

पाणी गार, म्हणून अंगाला चिकटणारा रबरी पोशाख घालायचा, तोही भाड्याचा. मापाला बसतो का बघायला एक आणलाय. प्रथमेश मला म्हणतो, "फार थंडी वाजली ना आजी, की लोक त्यातच करतात. गरम वाटतं." म्हणजे कुणाकुणाचं ते माझ्या नातवाच्या अंगाला! शी! बाथरूममध्ये मेलेल्या रेडकासारखा लोंबतोय. मी आंघोळीला वर देवयानीकडे जाते.

खाणं पाकिटातलं. भुसा असतो, गरम पाणी ओतलं की त्याची कोंबडी होते म्हणे. मला वास घ्यायला लावला. दोन दिवस चहा कडू लागला.

बरं. पण पिशव्यांसाठी मी देवयानीचा हात मोडत नाहीये.

जाण्याआधी एक कागद भरतात. कुठे उतरणार, कधी बाहेर येणार, आणि आलो नाही तर मागे कुणी बोंब मारायची, त्याचं नाव. बाकीच्या पोरांनी बापाचं नाव घातलंय. सिद्धेशनं माझं घातलंय. कागदावर स्वतःचं नाव कुठे आहे ते जिला बोट ठेवून दाखवावं लागलं, तिचं! मग त्यानं देवयानीची लाल टिकली फोनच्या एका बटणावर चिकटवली. "सोमवारी दुपारी दोन्ही काटे वर जाईपर्यंत माझा फोन आला नाही, तर हे दाब. तिथले पोलीस उचलतील. म्हणायचं, सिद्धेश नो कम." रोज माझ्याकडून म्हणून घेतो. सिद्धेश नो कम. विनय, त्या पिशव्यांची आली नाही एवढी शिसारी मला या तीन शब्दांची येते.

तू तीस वर्षं धरणाच्या दारांवर काढलीस. वर पाऊस झाला की खाली पाणी केव्हा पोचतं ते तुला कळतं. मला काय विचारावं तेही कळत नाही. परवा तो मित्रांना सांगत होता, "आभाळ कोरडं असलं तरी पाण्याचा रंग बदलला, काटक्या आल्या, की वर चढायचं. बघत उभं राहायचं नाही. कालव्यावर बाबांनी शिकवलंय." एवढं बोलला, माझ्याकडे बघितलं आणि दोराच्या गाठी तपासायला लागला.

देवयानी, आता लिही आणि माझ्याकडे बघू नकोस.

वीणा गेली तेव्हा पोरगा आला नाही. आईपेक्षा व्हिसा मोठा झाला, असं तू सगळ्यांना सांगितलंस, आणि मी शेजारी बसून मान हलवली. त्याला फोनवर म्हणालास, "माझ्याही वेळी येऊ नकोस." खरं हे आहे की त्यानं तिकीट काढलं होतं. तू स्मशानातून यायच्या आत त्याचा फोन आला, तो मी घेतला. "आजी, आता आलो तर परत इथे येता येईल का ठाऊक नाही. येऊ?" मी म्हटलं, येऊ नकोस. वीणानंच आजारपणात माझ्याकडून वचन घेतलं होतं, पोराचं शिक्षण अर्धवट ठेवू नका म्हणून. तुझ्या बापाला मी समजावते, म्हटलं त्याला.

नाही समजावलं. तुझं तोंड बघून भ्याले. दहाव्याला कावळा शिवेना, तेव्हा मी मनात म्हटलं, वीणा, विनयला खरं सांगेन. लगेच शिवला. त्या बिचाऱ्या पाखरालाही मी फसवलं. आणि सिद्धेशनं इतक्या दिवसांत माझं नाव कुठे घेतलं नाही. घेतलं ते त्या कागदावर.

म्हणून म्हणते, घळीचा नियम बरा आहे. आपली घाण आपणच उचलून आणायची. ही माझी.

राग काढायचा तर जुलैत मी येतेच आहे, समोर बसवून काढ. त्याआधी त्याला फोन कर. जाऊ नकोस असं म्हणू नकोस, ते मी रोज म्हणते. पाण्याचं विचार. आणि कागदावरचं माझं नाव काढून तुझं घालायला सांग.

रवी चौदा तारखेला परत निघेल. त्याच्याबरोबर सातूचं पीठ पाठव, दोन शेर. गुळाच्या पाण्यात कालवलं की झालं, चूल नको, कोंबडी नको. वीणाच्या वहीत बघून कर, वेलची घालायला विसरशील. पिशवी दुहेरी बांध, आणि वर सिद्धेशचं नाव तुझ्या हातानं लिही. मला वाचता येत नाही. त्याला येतं.

तुझी आई