आई, गालिचा तुमचा होता

आई,

तुम्हाला जाऊन दोन महिने झाले, अन् काल मी तुम्हाला हाक मारली. तीही पार्लरमध्ये, चार गिराइकं बसलेली असताना!

झालं असं, की एका नवरीच्या बहिणीचा हात लागून नेलपेंटची भरलेली बाटली गालिच्यावर उलथली. शिकायला येते ती पोरगी धावली अन् फडक्यानं खसाखसा घासायला लागली. बघता बघता वीतभर डाग झाला. माझ्या तोंडून निघून गेलं, "आई, या बरं लवकर!" मग माझं मलाच समजलं. सगळ्या माझ्याकडे पाहत होत्या. मी आत जाऊन मोरीत तोंड धुतलं. आज पार्लर बंद ठेवलं अन् हे लिहायला बसले.

सत्त्याण्णव साली पुलगावच्या आपल्या समोरच्या खोलीत मी पार्लर टाकलं, तेव्हा तुम्ही किती चिडल्या होत्या! "दुसऱ्याच्या भुवया उपटाचा कोनता धंदा वो हा?" अन् आठच दिवसांनी बैठकीतला मरून रंगाचा गालिचा तुम्हीच खांद्यावर टाकून आणला. बाबांनी नागपूरहून आणलेला, दिवाळीशिवाय कोणाला पाय ठेवू न दिलेला. मी नको म्हटलं तर माझ्यावरच डाफरल्या. "गिराइकानं थंड्या फरशीवर पाय ठेवावा का?"

त्या बिचाऱ्या गालिच्यावर काय काय सांडलं! काजळ, मेंदी, हळदीचा लेप. एकदा तुम्ही बाजारात गेलेल्या असताना हळद मी साबणानं धुतली, तर पिवळ्याचा लालभडक डाग झाला. मी रडकुंडीला आले अन् तुम्ही पदर तोंडाला लावून हसत होत्या. "अवो, हळदीले साबन लावते का कोनी? साध्या पान्यानं पूस अन् उन्हात टाक." दोन उन्हं खाल्ली अन् डाग खरंच गेला.

लिपस्टिक तुम्ही आधी चमच्याच्या कडेनं उचलायच्या, मग वर ज्वारीचं पीठ पसरून ठेवायच्या, तेलकटपणा पिठात उतरेपर्यंत. नेलपेंट कापसानं, कडेकडून आत. मी हात लावला की ओरडायच्या, "घासू नोको वो! टिप. टिपून घे." ही रीत तुम्हाला कोणी शिकवली, ते मी कधी विचारलंच नाही.

मग लष्कराच्या डेपोतल्या एका मोठ्या साहेबाची बायको यायला लागली अन् माझी मान ताठ झाली. ती खूश झाली की क्वार्टरमधल्या आणखी चौघी येतील, हेच डोक्यात. एक दिवस तिच्या खुर्चीखाली फाउंडेशन सांडलं. तुम्ही नेहमीसारख्या आल्या, पदर खोचला अन् तिच्या पायाशी गुडघे टेकून टिपायला बसल्या.

ती म्हणाली, "कामवाली बड़ी अच्छी मिली है तुम्हें. कब से है?"

'सास' म्हणायला किती वेळ लागतो, आई? मी म्हटलं, "जी, पुरानी है."

तुमचा हात जरासा थांबला. मग तुम्ही पुन्हा टिपायला लागल्या. डाग पुरता निघेपर्यंत उठल्या नाहीत.

पुढच्या आठवड्यात तिनं तुमच्यासाठी जुनी साडी आणली. आठवतं ना? तेव्हाही मला तोंड उघडता आलं असतं. मी तिच्या केसांत कंगवा फिरवत राहिले. तुम्ही एकदा माझ्याकडे पाहिलं, मग दोन्ही हातांनी साडी घेतली अन् "जी" म्हणाल्या. माझी लाज राखायला! आत येऊन ती साडी माझ्यापुढे पलंगावर ठेवली. "घे. तुह्या कामवालीले भेटली."

तेवढंच. संध्याकाळी रोजच्यासारखी भाकर थापली, मला गरम वाढली. तुम्ही रागावल्या काऊन नाही हो? कानाखाली एक वाजवली असती तर मी तिथंच पाय धरले असते!

त्या दिवसापासून तुम्ही पार्लर रिकामं झाल्यावरच यायला लागल्या. मागच्या दारातून मान काढून विचारायच्या, "कोनी आहे का?" मी नाही म्हटलं की यायच्या, पुसायच्या, निघून जायच्या. ओळखीच्या बायकांनी विचारलं, तर मी सांगायची, गुडघे धरले त्यांचे. सहा वर्षं, आई! अन् त्या सहा वर्षांत एकदाही मी म्हटलं नाही, की असू द्या कोणी, तुम्ही या.

दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात माझं एक नवं गिराईक बाजूच्या खाटेवरच्या आपल्या नातेवाइकाला पाहायला आलं. मला पाहून बोलायला थांबलं. तुम्ही सलाइनच्या हातानं उठायला लागल्या. "गिराईक आलं तुह्यं. मी मांगं जातो." नर्सनं अन् मी धरून तुम्हाला झोपवलं. त्या गिराइकानं विचारलं, "कोण ह्या?" मी म्हटलं, "माझ्या सासूबाई." मोठ्यानं म्हटलं, साऱ्या वॉर्डाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. पण तुमचे डोळे मिटलेले होते. ऐकलं का हो तुम्ही? मला कोण सांगणार आता!

तुमच्या लेकाला यातलं काहीच माहीत नाही. त्या साडीचं त्यांनी विचारलं, तर तुम्हीच म्हणाल्या होत्या, पार्लरमध्ये कोनीतरी विसरली. ते अजूनही म्हणतात, आईचे गुडघे गेले म्हणून ती समोर येत नव्हती. अन् मी मान हलवते.

आज ते शाळेत शिकवून आले, की हे पत्र मी त्यांच्या हातात देणार आहे. वाचून होईपर्यंत समोर उभी राहीन, अन् ते जे बोलतील ते ऐकून घेईन. मागच्या दारानं निघून जाणार नाही. वचन देते, आई.

तुमची सून,
शोभा