सगळं वायतांगीनंतर

३ नोव्हेंबर, सोमवार. अप्पर हट, वेलिंग्टनजवळ.

राजीनामा दिला. आठ वर्षांची पर्मनंट सरकारी नोकरी, बिझनेस ॲनालिस्टची. हेलन, माझी मॅनेजर, मला थांबवेल, ग्रेड वाढवून देते म्हणेल, आणि मग मी नम्रपणे नकार देईन, असा अंदाज होता. नकाराची वाक्यं ट्रेनमध्ये पाठही केली होती. ती म्हणाली, गुड ऑन यू, आणि निरोपाच्या मॉर्निंग टीला केक कुठला आवडेल ते विचारलं. वाक्यं वाया गेली.

कॉन्ट्रॅक्टिंगमध्ये जवळजवळ दुप्पट पैसे मिळतात. शिल्लक दोन महिने पुरेल, ओढूनताणून तीन. पण पहिलं कॉन्ट्रॅक्ट पंधरा दिवसांत मिळणारच, त्यामुळे शिल्लक हा मुद्दाच नाही.

बायकोला, सुखदाला, संध्याकाळी सांगितलं. ती नाशिकला फार्मसिस्ट होती. इथे पोरिरुआच्या एका फार्मसीत टेक्निशियन आहे, म्हणजे दुसऱ्याच्या देखरेखीखाली गोळ्या मोजून लेबलं लावते. येत्या वर्षी तिने नोकरी अर्धवेळ करायची, इथली परीक्षा द्यायची, मग वर्षभर कमी पगारावर इंटर्नशिप आणि मग रजिस्ट्रेशन, असं ठरलं होतं. मागच्या वर्षीही ठरलं होतं. मी समजावलं, आधी माझं मार्गी लागू दे, मग तुझं आरामात. ती बरं म्हणाली. समजूतदार आहे.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार.

शेवटचा दिवस. कॅरट केक. हेलनने भाषणात देवव्रत हे माझं नाव बरोबर उच्चारलं. आठ वर्षांत पहिल्यांदाच.

इंद्रनील म्हणाला, धाडस आहे बुवा तुझं, मला नाही जमणार. इंद्रनील पुण्याचा, आमच्याच मजल्यावर बसतो. त्याची कीव आली. काही माणसं पगाराला चिकटूनच म्हातारी होतात.

१ डिसेंबर, सोमवार.

कंपनी स्थापन. शिखर ॲडव्हायझरी लिमिटेड. डायरेक्टर मी. जेवणाचं टेबल हे ऑफिस. सुखदाने विचारलं, माझी अभ्यासाची पुस्तकं कुठे ठेवू? म्हटलं, तात्पुरती कुठेही ठेव.

संकल्प: रोज पाचला उठणे. दहा एजंटांना फोन. दुपारची झोप बंद.

२ डिसेंबर.

साडेआठला उठलो. उद्यापासून.

५ डिसेंबर, शुक्रवार.

लोगो जवळजवळ ठरला. डोंगर निळा की हिरवा, एवढंच बाकी. सुखदा कामावरून आली की हल्ली गाडीतच बसून तासभर वाचते, ड्राइव्हवेमध्ये. चांगलं आहे, तिला शांतता मिळते. मलाही. दुपारी थोडा डोळा लागला.

११ डिसेंबर, गुरुवार.

वेलिंग्टनला जाऊन क्रेगला भेटलो. क्रेग रिक्रूटमेंट एजंट. कॉफी मी पाजली. म्हणाला, हीप्स ऑफ रोल्स, म्हणजे ढीगभर कामं येतायत, माझ्यासारख्या माणसाला मागणी आहे. पण आता ख्रिसमस तोंडावर आला, तर वायतांगीनंतर बोलू. वायतांगीची सुट्टी सहा फेब्रुवारीला! मला वाटलं गंमत करतोय, म्हणून मी मोठ्याने हसलो. तो हसला नाही.

आठ वर्षं इथे काढली आणि हा अख्खा देश दोन महिने बंद असतो हे लक्षात कसं आलं नाही? कारण तेव्हा मीही बंदच असायचो, जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून बीचवर, भरपगारी. आतून बघताना ते बंद वाटत नाही.

काही बिघडलेलं नाही. विश्रांतीची गरज होतीच.

१३ जानेवारी, मंगळवार.

सतरा ईमेल पाठवले. सतराही उत्तरं लगेच आली. सगळी आपोआप आलेली, की आम्ही सुट्टीवर आहोत.

सुखदाने शनिवारही घेतला. फार्मसीत माणूस कमी आहे म्हणे. मी म्हणालो, फक्त वायतांगीपर्यंत. तिने अर्धवेळ करण्याचा विषय काढला नाही, मीही काढला नाही. कधी विषय न काढण्यातही प्रेम असतं.

९ फेब्रुवारी, सोमवार.

वायतांगी झाली. सकाळी नऊला शर्ट-पँट घालून क्रेगला फोन केला. तो सुट्टीवर आहे, पुढच्या आठवड्यात येईल. शर्ट-पँट दिवसभर तशीच ठेवली.

१९ फेब्रुवारी, गुरुवार.

इंद्रनीलचा फोन. आमच्या खात्यात माणसं कमी करतायत. आपण होऊन जायला तयार असलेल्यांनी हात वर करा म्हणाले, कित्येक महिन्यांचा पगार हातात देतायत. याने हात वर केला. आता बायकोमुलांना घेऊन दोन महिने पुण्याला चाललाय.

म्हणजे मी जे फुकट केलं, त्याचे त्याला पैसे मिळाले. मी ठणकावून सांगितलं, मी स्वतः सोडली, तुला काढलं, यात फरक आहे. तो म्हणाला, हो रे, मोठाच फरक आहे. फोन ठेवल्यावर हिशेब केला. ही सगळी निघालेली माणसं आता क्रेगला कॉफी पाजणार.

सुखदाला सांगणार नाही. उगाच कशाला.

१८ मार्च, बुधवार.

सुखदा म्हणाली शनिवारी तिची परीक्षा की काहीतरी आहे, वेलिंग्टनला जायचंय, तर लेकीला, ऋग्वेदाला, स्विमिंगला मी न्यायचं. मी हो हो म्हणालो. तेवढ्यात क्रेगचा फोन. सोमवारी इंटरव्ह्यू! सहा महिन्यांचं काम! नंतर सुखदा आणखी काही सांगत होती, पण मी क्लायंटची वेबसाइट वाचत होतो.

२१ मार्च, शनिवार.

सबंध दिवस वाया. लेकीला पूलवर नेलं आणि तिचे टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, घरीच राहिले. ती काठावर बसून राहिली आणि येताना गाडीभर इंग्रजीत माझा उद्धार केला.

सुखदा संध्याकाळी वेलिंग्टनहून आली. कसल्यातरी कामाला गेली होती. तिला इंटरव्ह्यूची तयारी सविस्तर ऐकवली. ऐकता ऐकता सोफ्यावर बसल्या जागी झोपली. या फार्मसीवाल्यांनी तिला फार राबवलंय.

२३ मार्च, सोमवार.

उत्तम झाला. किया ओरा या इथल्या नमस्कारापासून थँक यूपर्यंत उत्तम. समोरचे तिघेही माना डोलवत होते. पहिल्या बिलाचे पैसे आले की सुखदाचं अर्धवेळ नक्की.

३१ मार्च.

रोल ऑन होल्ड. क्रेग म्हणाला, ईस्टरनंतर.

२० एप्रिल, सोमवार.

ईस्टर होऊन पंधरा दिवस झाले. क्रेग म्हणाला, आता बजेटनंतर.

घराचा हप्ता आता सुखदाच्या पगारातून जातो. तिनेच बँकेत बदलून घेतलं, मला नंतर कळवलं. स्वयंपाक मी करतो. आमटी दोनदा लागली, भात जमतो. याला मी काम मानत नाही, ही तात्पुरती व्यवस्था आहे.

शाळेत ऋग्वेदाला कुणीतरी विचारलं, तुझे बाबा काय करतात? ती म्हणाली, ही इज बिटवीन. मी विचारलं, कशाच्या आणि कशाच्या मध्ये? म्हणाली, जस्ट बिटवीन.

८ मे, शुक्रवार.

सुखदा आज हसत घरी आली. दारातच काहीतरी सांगायला लागली, हातात फोन होता. मी खूण केली, थांब. एका एजंटाने मला होल्डवर ठेवलं होतं. वीस मिनिटांनी लाइन कटली. मग मी तिला विचारलं काय गं, तर म्हणाली, काही नाही, जेव.

२ जून, मंगळवार.

बजेट झालं. क्रेग म्हणाला, आता कुणी काही ठरवणार नाही, इलेक्शननंतर बघू. इलेक्शन नोव्हेंबरात. गेल्या नोव्हेंबरात मी राजीनामा दिला होता.

लोगोकडे बघत बसलो. हिरवा नको होता.

थकलोय. काही न करता माणूस इतका थकतो, हे मला ठाऊक नव्हतं. सुखदा सकाळी अंधारात दव पुसून गाडी काढते आणि संध्याकाळी अंधारात परत येते. मी खिडकीतून बघतो. आज पहिल्यांदा तिच्याकडे बघताना लाज वाटली. दुपारी अप्पर हटमधल्याच एका कोल्ड स्टोरेजवाल्यांकडे अर्ज टाकला. सिस्टिम्स को-ऑर्डिनेटर. पर्मनंट. पगार जुन्यापेक्षा बराच कमी.

१२ जून, शुक्रवार.

त्यांनी बोलावलं, विचारलं सोमवारपासून येणार का. विचार करून सांगतो म्हणायचं ठरवून गेलो होतो. त्यांचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत हो म्हणालो.

सुखदाला रविवारी निवांत सांगेन. नीट प्रसंग साधून. तिच्यासाठी मी स्वतःचं स्वप्न बाजूला ठेवतोय, तर ते तिला नीट कळायला हवं.

१४ जून, रविवार.

दुपारचं जेवण झाल्यावर सांगितलं. सुरुवात चांगली झाली. म्हणालो, मी पर्मनंट नोकरी घेतली, कमी पगाराची, फक्त तुझ्यासाठी. आता तुझा नंबर. उद्यापासून निर्धास्त अभ्यासाला लाग, परीक्षा दे.

ती पोळ्यांचा डबा पुसत होती. पुसून झाकण लावलं.

"देव, परीक्षा मी मार्चमध्ये दिली. मे महिन्यात पास झाले."

मी म्हणालो, मला कसं माहीत नाही?

"सांगितलं होतं. तू फोनवर होतास." मग म्हणाली, "फार्मसी सोडलीय मी. पुढच्या सोमवारपासून हॉस्पिटलमध्ये इंटर्नशिप. तुला काही मिळालं नसतं तर रात्रीचं कुठलं काम धरायचं, तेही बघून ठेवलं होतं. तेवढं आता नको करायला."

ती चिडली असती तर बरं झालं असतं. मला उत्तरं सुचतात अशा वेळी. ती नुसती सांगत होती, गिऱ्हाइकाला गोळ्या कधी घ्यायच्या ते सांगतात तशी.

अभिनंदन तर करायला हवं होतं. काय झालं कुणास ठाऊक, मी उभा राहिलो आणि ऑफिसात करतात तसा हात पुढे केला. तिने माझ्याकडे पाहिलं, ओला हात ओढणीला पुसला आणि हात मिळवला. आठ महिन्यांत मी तिचा हात हातात घेतला नव्हता, हे तेव्हा कळलं. लगेच सोडवेना. तिनेच सोडवून घेतला, कपडे वाळत घालायचे होते.

पेढे आणायला हवेत. इथे कुठे मिळतात ते तिलाच विचारावं लागेल.