ड्रॅगनची कवळी

३ फेब्रुवारी

चि. ठकूस,

आईचे आशीर्वाद. रविवारी फोनवर एवढं बोललो, मग पत्र कशाला, असं तुला वाटणार. म्हणून खुशाली नंतर, खुलासा आधी. मी एका वर्गाला जायला लागलेय. फँटसी कादंबरी लिहायला शिकवतात त्या वर्गाला.

हसून झालं की पुढे वाच. आमच्या दातांच्या लॅबच्या मागच्या गल्लीत वाचनालय आहे. तिथं दारावर कागद चिकटवला होता, ‘फँटसी कादंबरी लिहायला शिका. वयाची अट नाही.’ वयाची अट नाही म्हणजे आपल्यासारख्यांनाच बोलावतायत, असं समजून मी आत गेले. हल्ली कामावरून लवकर सुटते. घरी येऊन भिंतींशी किती बोलायचं?

शिकवायला तिथल्याच ग्रंथपालबाई आहेत. तुझ्याच वयाच्या. आवाज मऊ, पण पेन्सिल हातात आली की कुणाची गय करत नाहीत. त्यांचा नियम असा की आपण काय लिहितोय ते घरच्या एका माणसाला पत्रानं कळवायचं. फोनवर सांगितलेलं हवेत जातं म्हणे. माझं घरचं माणूस तूच, तेव्हा भोग आपल्या कर्माची फळं.

वर्गात आम्ही मोजकीच डोकी आहोत. कॉलेजातली एक मुलगी आहे, तिच्या कादंबरीत भेटेल तो मरतो. एक निवृत्त ड्रायव्हरकाका आहेत. त्यांचा घोडा आकाशात उडतो, पण वळण आलं की हॉर्न वाजवतो. मला हसू आवरेना, तर म्हणाले, “हसा. वरून कोण येतंय ते घोड्याला काय दिसतंय?”

आता माझी कादंबरी. डोंगराच्या पोटात एक म्हातारा ड्रॅगन राहतो. त्याच्या आगीवर खालचं सगळं खोरं ऊब घेतं. त्याचे दात पडलेत. चावता येत नाही म्हणून खाता येत नाही, खाणं नाही म्हणून आग मंदावलीय, आणि खोरं गारठत चाललंय. आईला ड्रॅगन सुचला, तोही बोळक्या तोंडाचा! जन्मभर कवळ्या केल्यावर दुसरं काय सुचणार, सांग.

मी पहिलं प्रकरण ऐटीत वाचून दाखवलं. राजकन्या, प्रधान, जादूगार, सगळी मंडळी हजर होती. संपल्यावर बाई म्हणाल्या, “आजी,” (मला आजी म्हणतात, मी अजून माफ केलेलं नाही) “तुमच्या राजकन्येला डोळे आहेत का?”

मी पानं उलटून पाहिली. राजकन्येचे पुढचे दोन दात एकमेकांवर किंचित चढलेले होते. हिरड्या गुलाबी, खालचा जबडा जरासा मागे. डोळ्यांचा पत्ता नव्हता. प्रधानाला अक्कलदाढ होती, पण नाक नव्हतं.

येताना वाटेत विचार करत होते. डॉक्टरांकडून आमच्याकडे तोंडाचं माप येतं. आम्ही त्याचा प्लास्टरचा साचा करतो, त्यावर मेणात दात लावतो, कवळी तयार करतो आणि पाठवून देतो. माणूस कधीच येत नाही. या शहरातले कितीतरी लोक माझ्या हातचं हसतात आणि त्यातला एकही चेहरा मी पाहिलेला नाही.

म्हणून बाईंनी गृहपाठ दिलाय, रोज एक चेहरा नीट बघायचा. मी बसथांब्यावर बसून बघते. लोकांना वाटतं, बाई पत्ता विसरलीय. काल एकानं मला रस्ताही ओलांडून दिला. मला ओलांडायचा नव्हता.

अक्षराकडे बघू नकोस. तिथंच बसून लिहितेय, मांडीवर पर्स आणि पर्सवर कागद. तब्येत उत्तम. गुडघे कुरकुरतात, पण ते तुझ्या जन्माआधीपासून कुरकुरतायत.

तुझी, नव्या नादाला लागलेली,
आई


२४ फेब्रुवारी

चि. ठकूस,

आशीर्वाद, या वेळी छापील. रविवारी तू विचारलंस, “आई, तुझं अक्षर मोत्याच्या दाण्यांसारखं होतं, आता काय झालं?” अगं, बसथांब्यावर मोती ओघळणारच. म्हणून वाचनालयातल्या कॉम्प्युटरवर एका बोटानं हे पत्र बडवतेय. मोठे लेखक टाइपच करतात.

राजकन्येला डोळे बसवले. घारे आहेत. भाजी घ्यायला येणाऱ्या एका मुलीचे मी बघून ठेवले होते, तेच दिले. आता ती बोलायला लागली की मला ती दिसते. डोळे आल्यावर तिला रागही यायला लागला. आधी नुसती उभी असायची.

या खेपेला जादूवरून फजिती झाली. दुसऱ्या प्रकरणात माझ्या जादूगारानं चुटकी वाजवली, ड्रॅगनला दात आले, आग पेटली, खोरं उबदार झालं. मला वाटलं, फँटसी म्हणजे हेच, मनात आणलं की झालं. बाई म्हणाल्या, “छान. मग उरलेल्या पानांवर काय लिहिणार?”

“उरलेल्या पानांवर सगळे सुखानं राहतील.”

“अख्ख्या कादंबरीभर?”

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तसं झालं होतं माझं. बाईंनी समजावलं की फुकटच्या जादूची वाचकाला किंमत वाटत नाही. तुमच्या जगात जादूनं काय होत नाही, ते आधी ठरवा. गोष्ट तिथून सुरू होते. मला आधी रागच आला. नियमच पाळायचे तर खऱ्या जगात काय कमी आहेत? पण चहा घेताना विचार केला आणि एक नियम सुचला. माझ्या खोऱ्यात जादूनं महाल होतो, पूल होतो, पाऊसही पडतो. पण जे दुसऱ्याच्या अंगात बसवायचं असतं, ते जादूनं होत नाही. त्याचं माप घ्यावं लागतं. बाईंनी पेन्सिलीनं त्या ओळीखाली रेघ मारली. चांगल्याची रेघ.

जादूगाराला मी प्रकरणातून हाकललं. बिचारा टोपी सावरत गेला.

आता पंचाईत अशी की ड्रॅगनच्या तोंडात शिरून माप कोण घेणार? राजकन्येला त्यातलं कळत नाही. राजवैद्य ड्रॅगनचं नाव काढताच आजारी पडला. मी चार दिवस नायक शोधत होते. सरदार झाला, गुराखी झाला, एक पैलवानही आणून पाहिला. ड्रायव्हरकाका म्हणाले, “अहो, गावात कवळ्या करणारं कुणी नाही का?” काखेत कळसा आणि गावाला वळसा. आहे ना! खोऱ्याच्या टोकाला एक म्हातारी कारागीर राहते. तिनं जन्मभर साचे पाहिले, पण जिवंत तोंडात हात कधी घातलेला नाही.

तिच्यात काहीतरी उणं असायला हवं, असं बाई म्हणतात. कसलं, ते ठरलेलं नाही. बघू.

लॅबमध्ये सध्या मी दातांचे रंग जुळवते. मेणाचं काम नव्या मुलीकडे गेलंय. तिलाही शिकायला हवं. मालकांनीच ठरवलं. म्हणजे मीच सुचवलं.

तू परत तोच विषय काढलास, कायमची इकडे कधी येतेस. जावईबापूंनी खोलीला रंगही दिला म्हणतेस. त्यांना म्हणावं, रंग नीट सुकू दे.

तुझी,
आई


१७ मार्च

ठकू,

हे पत्र घरी टेबलाशी बसून, भर दुपारी, नव्या पेनानं लिहितेय. तरी अक्षर हे असं आहे. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

माझे हात थरथरतात. वर्षापूर्वी नुसता उजवा थरथरायचा, आता दोन्ही. मोठं काम असेल तर कळतही नाही. बारीक काम हातात घेतलं की सुरू होतं. कवळीचं सगळं काम बारीकच. गरम सुरीनं मेण उचलते आणि दातापाशी नेईपर्यंत ते भलतीकडेच टपकतं. एक साचा हातातून पडून फुटला. डॉक्टरांना परत माप घ्यावं लागलं, कुणा म्हाताऱ्या माणसाला परत तोंड उघडून बसावं लागलं. त्या दिवशी मी मालकांना म्हणाले, मला मेणावरून काढा. ते भले गृहस्थ, त्यांनी रंगांवर बसवलं. पण रंग जुळवायला नवी मुलगीही पुरते, हे मला दिसतं. या महिन्याच्या अखेरीला मी काम सोडतेय.

घाबरू नकोस. सगळ्या तपासण्या झाल्यात. तुला वाटेल तो पार्किन्सनचा आजार हा नाही. कंप आहे. हळूहळू वाढेल, जीव घेणार नाही. गोळीनं थोडा कमी होतो. बाकी मी ठणठणीत आहे.

तुला सांगितलं नाही, कारण तू काय म्हणशील ते मला पाठ आहे. “आई, सामान बांध.” आणि मी बांधलं असतं, ठकू. तेव्हा माझ्यात तेवढाच धीर उरला होता. तुझ्याकडे येऊन, रंगवलेल्या खोलीत बसून, कुणीतरी आणून दिलेला चहा दोन्ही हातांनी धरून पीत राहिले असते. तू प्रेमानं केलं असतंस, म्हणून मला नाहीही म्हणता आलं नसतं. मला भीती मरणाची वाटत नाही. माझ्या हातून आता काही घडणार नाही, याची वाटते. वाचनालयाच्या दारावरचा तो कागद मी वाचला, तेव्हा हात दाखवून डॉक्टरांकडूनच येत होते. वयाची अट नाही एवढंच वाचलं नव्हतं. हाताची अट नाही, हेही बघून घेतलं होतं.

काल बाईंनी विचारलं, “आजी, तुमच्या कारागिरिणीत उणं काय आहे, अजून ठरलं नाही?” मी म्हणाले, सुचत नाही. त्या माझ्याकडे नुसतं बघत बसल्या. एखाद्या चेहऱ्याकडे असं बघायला त्यांनीच मला शिकवलं होतं, त्यामुळे मला पळता येईना. मी वही ओढली आणि लिहिलं, ‘तिचे हात थरथरत होते.’

तेवढीच ओळ लिहिली. घरी येऊन खूप रडले. आणि रडून झाल्यावर, खरं सांगते, पुढची ओळ सुचली.

फोन करशीलच. ओरड, पण माझं ऐकूनही घे.

आई


३० मार्च

माझ्या ठकूबाई,

तुझं रडणं ऐकलं, ओरडणं ऐकलं, आणि “शनिवारी गाडी घेऊन येते, सामान बांधून ठेव” हेही ऐकलं. तू फोन ठेवलास म्हणून माझं बोलणं राहिलं. ते इथं लिहिते.

आज लॅबमधून निघाले. निरोपाचं भाषण वगैरे मी होऊ दिलं नाही. नव्या मुलीनं मेणात लावलेले दात दाखवले. एक दात वळलेला होता. मी सांगितला, तिनं माझ्यासमोर सरळ केला. चांगला हात आहे तिचा. मला वाईट वाटलं, आणि बरंही वाटलं. दोन्ही एकदम वाटतं हे मला आधी माहीत नव्हतं.

मागच्या शनिवारी वर्गात प्रकरण वाचायचं होतं, उभं राहून, सगळ्यांसमोर. मी कागद धरले आणि ते असे फडफडायला लागले की मला माझाच आवाज ऐकू येईना. खाली बसावं, डोकं दुखतंय म्हणावं, असं आलं मनात. मग मी म्हणाले, “माझे हात थरथरतात. आवाज येईल. चालवून घ्या.” तुला लिहून कळवायला मला वर्ष लागलं आणि तिथं चार परक्या माणसांना सांगून टाकलं! ड्रायव्हरकाका म्हणाले, “थरथरू दे की. म्हणजे इंजिन चालू आहे.” वर्ग हसला, मीही हसले, आणि वाचायला लागले.

ते प्रकरण असं आहे. म्हातारी ड्रॅगनच्या तोंडात उतरते. आमच्या कामातला पहिला धडा असतो की हात अधांतरी ठेवायचा नाही. करंगळी कशावर तरी टेकवायची, मग कोरायचं. तिथं टेकायला ड्रॅगनच्या जबड्याशिवाय काहीच नाही. ती म्हणते, “मला तुझ्यावर टेकावं लागेल.” ड्रॅगन म्हणतो, “टेक. पण जपून. मी घाबरलोय.” ती चकित होते. “तू? तू कशाला घाबरतोस?” तो म्हणतो, “इथं आजवर कुणी आपल्या पायांनी आलेलं नाही.” ती दोन्ही कोपरं त्याच्या हिरड्यांवर टेकवते. हात थरथरतातच. त्याचा जबडाही थरथरतो. तशातच ती माप घेते.

संपल्यावर कॉलेजातल्या मुलीनं विचारलं, “मरत नाही का ती?” मी म्हणाले, “माझ्या कादंबरीत नाही.” ती थोडी नाराज झाली, पण माझी पानं टाइप करून द्यायला तयार झाली. मी हो म्हणाले. पूर्वी म्हणाले नसते.

तर ऐक. मी तुझ्यावर टेकणार आहे, ठकू. आता काही लपवणार नाही. बरण्यांची झाकणं उघडत नाहीत, बटणं लागत नाहीत, सुईत दोरा तर विसरच. हे सगळं तुला सांगत जाईन आणि जे लागेल ते मागेन. घरात एकटीनं राहणं झेपेनासं झालं तर तेही मीच सांगेन. तेव्हा तुझी रंगवलेली खोली लागेल. पण आज नाही. आज मला टेकायला कुणीतरी हवंय, आणि हात माझाच राहायला हवाय.

पुढच्या प्रकरणात कवळी ड्रॅगनच्या तोंडात बसवायची आहे. बसेल की नाही, मला माहीत नाही. जन्मभर माझ्याकडे काम आलं ते साच्यासकट. काय करायचं ते आधीच ठरलेलं असायचं, मी फक्त बरोब्बर करायची. या वेळी कुणी साचा पाठवलेला नाही. भीती वाटते आणि सकाळी लवकर जाग येते.

शनिवारी संध्याकाळी मी ते प्रकरण वाचणार आहे. गाडी घेऊन येणारच आहेस, तर सरळ वाचनालयात ये. सामान बांधलेलं नाही. मला न्यायला येऊ नकोस. ऐकायला ये.

तुझीच,
आई