अरीमापर्यंतची सोबत

अल ऐन,
यू.ए.ई.,
६ फेब्रुवारी १९९८

तीर्थरूप दादांस,
प्रमिलाचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आणि आईने पाठवलेली कोकमं पोचली. ईदमुळे वॉर्ड निम्मा रिकामा होता. दोन वर्षांत पहिल्यांदाच मला सलग तीन दिवस सुट्टी मिळाली.

नवी रूममेट कोण, असं विचारलंत. तिचं नाव ग्लेनिस रामखेलावन. आडनावावरून तुम्ही तिला बिहारची ठरवाल आणि चेहरा पाहून आफ्रिकेची. दोन्ही बरोबर आहे. ती वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदाद बेटावरची, अरीमा गावची. तिच्या वडिलांचे पणजोबा करार करून उसाच्या मळ्यावर मजुरीला गेलेले. आईच्या पूर्वजांना त्याआधीच गुलाम करून नेलं होतं. वडिलांच्या घरच्यांनी हे लग्न मानलं नाही, पण वडिलांच्या आईने ग्लेनिसला सांभाळलं. त्या आईला ती काय म्हणते सांगू? आजी. अगदी आपल्यासारखंच आजी. हिंदीचं एक वाक्य येत नाही, पण जिरं, चणा, भाजी, दाल हे शब्द तोंडात तसेच राहिलेत.

त्यांच्या गल्लीत म्हणे सगळं जग आहे. एका बाजूला मुसलमान, समोर चिनी दुकानदार, मागे स्पॅनिश बोलणाऱ्यांची वस्ती, आणि गावात त्या बेटाचे मूळचे कॅरिब लोकही, कसाव्याच्या कंदाची भाकरी करणारे. नाताळात ती मक्याच्या पिठात खिमा भरून केळीच्या पानात उकडते, आपल्या पातोळ्यांची मांसाहारी बहीणच. ईदला शेवयांची खीर केली. तिची दालपुरी म्हणजे तिखटमिठाची पुरणपोळी. आणि रविवारी कॅलालू, म्हणजे अळूची पानं, भेंडी, नारळाचं दूध आणि कुर्ल्या घालून शिजवायचं आणि रवीने घुसळायचं. मी पहिल्यांदा खाल्लं तेव्हा पहिला घास घेऊन चमचा खाली ठेवला. तिने विचारलं की आवडलं नाही का. मी सांगितलं, आमच्याकडे यात कुर्ल्या घालत नाहीत, तेवढाच फरक.

चि. रिद्धीला पापा. ती नीट जेवते ना? आईला माझा शि. सा. न.

आपली,
प्रमिला


असगोली, ता. गुहागर,
२ मार्च १९९८

चि. प्रमिला हीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र जेवताना मोठ्याने वाचलं. आईला ते अळवाचं फार पटलं. म्हणाली, अळूत कुर्ल्या घालायचं आपल्याला सुचलं नाही हे आपलंच नुकसान, त्या पोरीला इकडे घेऊन ये, मी तिच्याकडून शिकेन. तुझ्या वहिनीने वाडीभर सांगून टाकलं की प्रमिला आता वेस्ट इंडीजच्या टीमबरोबर राहते.

थट्टा राहू दे. मोठा भाऊ म्हणून लिहितो, जपून रहा. माणूस कितीही चांगला असला तरी परका तो परका. रिद्धीचे बाबा गेल्यावर तू एवढ्या लांब गेलीस ती मुलीसाठी. तिकडे नाती जोडत बसलीस तर त्यांचं ओझं तुलाच वाहावं लागेल. शाळेत तीस वर्षं माणसं पाहिली, म्हणून सांगतो.

आईला थोडा खोकला आहे. बाकी ठीक. रिद्धी चौथीच्या स्कॉलरशिपला बसली. गणपतीला येण्याचं नक्की कर.

तुझा,
भिकाजीदादा


अल ऐन,
२० जून १९९८

तीर्थरूप दादांस,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला. इकडे उन्हाने जबल हफीतचा डोंगरसुद्धा दिसेनासा झाला आहे, पण कारण ते नाही. ग्लेनिस आजारी आहे. एप्रिलपासून तिचं पोट दुखत होतं आणि ती गोळ्या खाऊन ड्यूटी करत होती. मेडिकल तपासणीत काही निघालं तर व्हिसा खलास, या भीतीने तिने कोणाला सांगितलं नाही. मलाही नाही, आणि मी तिच्यापासून चार हातांवर झोपते. शेवटी डोळे पिवळे झाले तेव्हा मीच तिला टॅक्सीत घालून आमच्याच हॉस्पिटलमध्ये नेलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे, लिव्हरपर्यंत गेलेला. डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलं. नर्सशी खोटं बोलून उपयोग नसतो.

आता ती खोलीतच आहे. ड्यूटी संपली की मी रांधते. अळूची जुडी इकडे पाच दिरहमला, म्हणजे पंचावन्न रुपयांना मिळते, कुर्ल्या फ्रोझन. ती पलंगावरून सांगते, आता भेंडी घाल, आता घुसळ, अजून घुसळ. रवी नाही म्हणून मी वाटीने दाबते, तेव्हा ती हसते. मग दोन चमचे खाते आणि ते परत येतात. काल म्हणाली की उद्या पण कर, वास तरी राहतो.

आईचा खोकला कसा आहे? तुम्ही पत्रात एका ओळीवर संपवता.

आपली,
प्रमिला


असगोली,
१८ जुलै १९९८

चि. प्रमिला हीस,
अ. आ.

तुझ्या मैत्रिणीचं वाचून वाईट वाटलं. आई रोज तिच्या नावाने देवापुढे साखर ठेवते. आईची काळजी करू नकोस. पावसाळी हवेचा खोकला आहे, ऊन पडलं की जाईल. गणपती पंचवीस ऑगस्टला आहेत. तू वीसपर्यंत पोच. नोकरीला धक्का लागेल असं काही करू नकोस.

तुझा,
दादा


अशुभ

असगोली,
३० ऑगस्ट १९९८

प्रमिला हीस,

बावीस तारखेला तुझा फोन आला तेव्हा आई गेल्याचं सांगून मी रिसीव्हर ठेवला. बोलवलं नाही म्हणून लिहितो.

तेरा तारखेला आईला गुदमरायला लागलं. मी एसटीडी बूथवरून तुझ्या हॉस्पिटलला फोन लावला. पलीकडच्या बाईने हिंदीत सांगितलं की सिस्टर प्रमिला नऊ तारखेपासून लीव्हवर आहे, देशाबाहेर. मला वाटलं, तू निघालीस. मी धावत घरी येऊन आईला सांगितलं, प्रमिला वाटेत आहे. तीन दिवस ती दाराकडे तोंड करून बसली. सोळाला पहाटे गेली. रिद्धीला मी मुंबईहून येणाऱ्या प्रत्येक गाडीला स्टँडवर नेत होतो.

तू त्या बाईबरोबर गेली होतीस, हे मला तुझ्या तोंडून फोनवर कळलं. आपल्या घरचा गणपती यंदा सुतकामुळे शेजाऱ्यांनी त्यांच्या घरी पुजला. कार्य अठ्ठावीसला उरकलं.

तुझी रजा होती. कुठे जायचं हे तू ठरवलंस. मला आणखी काही विचारायचं नाही.

भिकाजी


अल ऐन,
१४ सप्टेंबर १९९८

तीर्थरूप दादांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही विचारणार नाही म्हणालात, पण मला सांगायचं आहे.

ग्लेनिसला घरी जाऊन मरायचं होतं. सोबत नर्स असल्याशिवाय एअरलाइन तिला घेईना, आणि तिच्याबरोबर जायला कोणी तयार नव्हतं. मेट्रनने सांगितलं की जी जाईल तिची वर्षाची रजा त्यात जाईल. मी हो म्हटलं. परत आले की बिनपगारी रजा मागून गणपतीला येईन, असं मनात होतं. ते मी तुम्हाला कळवलं नाही, कारण तुम्ही नको म्हणाला असता.

लंडनला विमान बदललं. समुद्राच्या मध्यावर आल्यावर तिने विचारलं, अजून किती? मी चार तास सांगितले. ती म्हणाली, आईला सांग भूक लागली आहे. त्यानंतर ती बोलली नाही. उतरायला दोन तास होते तेव्हा तिचा श्वास थांबला. मी नाडी पाहिली, वेळ लिहिली आणि एअरहोस्टेसला हळूच सांगितलं. ती म्हणाली की जागा नाही आणि लोक घाबरतील, बसू दे तिला. मग मी ब्लँकेट तिच्या हनुवटीपर्यंत ओढलं आणि तिचा हात धरून बसले. पुढच्या सीटवरचं मूल वळून वळून तिच्याकडे बघून हसत होतं.

एअरपोर्टवर कागदपत्रांत चार तास गेले. तिच्या आईला, ओडेटबाईंना, तिथेच कळलं होतं. अरीमाच्या घरी आम्ही दोघीच पोचलो. चुलीवर कॅलालूचं मोठं पातेलं होतं, सकाळी मुलीसाठी शिजवलेलं. त्यांनी एक वाडगा भरला, माझ्यापुढे ठेवला आणि समोर बसल्या. म्हणाल्या, जिच्यासाठी केलं ती नाही, पण जिने तिला आणलं ती आहे, तेव्हा खा. मी खाल्लं, दादा. दोन वाडगे खाल्ले. त्यांनी आणखी वाढलं तेही खाल्लं.

चौदाला तिला पुरलं. नऊ दिवस ते घर रिकामं राहिलं नाही. शेजारच्या मुसलमान बाईने शेवया आणल्या, ईद नसताना, कारण ग्लेनिसला त्या आवडायच्या. चिनी दुकानदाराने कॉफी आणि बिस्किटांचे डबे ठेवले आणि पत्र्याच्या खुर्च्या मांडल्या. मागच्या वस्तीतली म्हातारी केळीच्या पानात बांधलेली पुडकी घेऊन आली. चर्चच्या बायका गात होत्या. सातव्या दिवशी वडिलांच्या बाजूची एक चुलती आली, तीस वर्षांत त्या घराची पायरी न चढलेली. तिने ओटीवर बसून दालपुऱ्या लाटल्या, शंभरएक तरी असतील, आणि कोणाशी न बोलता गेली. ओडेटबाईंनी त्यांतली एकही खाल्ली नाही. सगळ्या शेजारी वाटून टाकल्या.

नववा दिवस होईपर्यंत थांब, असं त्यांनी मला सांगितलं आणि मी थांबले. त्यांच्या घरी फोन नव्हता. सोळा तारखेला मी तिकडे खुर्च्या पुसत होते.

रिद्धीला माझ्याशी बोलायचं नसेल तर जबरदस्ती करू नका.

आपली,
प्रमिला


असगोली,
२० ऑक्टोबर १९९८

चि. प्रमिला हीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र महिनाभर खिशात ठेवून फिरलो. वहिनी म्हणाली, उत्तर द्या नाहीतर ते जाळा.

मागच्या पत्रात मी तुला दोष दिला. तो सगळा तुझा नाही. आईला साधा खोकला नव्हता. मे महिन्यातच चिपळूणच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की हृदय थकलं आहे, पावसाळा काढेलच असं नाही. आई जुलैत दोनदा म्हणाली की प्रमिलाला बोलाव. मी पत्र लिहिलं आणि फाडलं. तू मध्येच नोकरी सोडून आलीस तर पुढे काय, रिद्धीचं काय, या विचाराने मी गप्प राहिलो. गणपतीपर्यंत निभेल असं स्वतःला समजावलं. तुला खरं कळलं असतं तर तू त्या विमानात बसली नसतीस. आईची आणि तुझी चुकामूक मी केली.

वयाने मोठा असून लिहितो, मला माफ कर. दिवाळीनंतर ये. रिद्धी अजून काही बोलत नाही, पण तुझा फोटो तिने तिच्या दप्तरात ठेवला आहे.

तुझा,
दादा


अल ऐन,
११ नोव्हेंबर १९९८

तीर्थरूप दादांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून सुटल्यासारखं वाटलं. चार दिवस तसंच वाटत राहिलं. तुम्ही माफी मागितलीत आणि मी ती घेऊन गप्प बसले असते तर आयुष्यभर कोणाला कळलं नसतं. पण तुम्ही मोठे असून इतकं खरं लिहिलंत, आता मला राहवत नाही.

तुमच्या जुलैच्या पाकिटात रिद्धीने वहीचं पान घातलं होतं. तुम्ही ते वाचलं नसणार. तिने लिहिलं होतं की आजी आता रात्रभर बसूनच झोपते, आडवी झाली की तिला श्वास मिळत नाही. तिचे पाय फुगले आहेत आणि बोट दाबलं की खड्डा पडतो, तो भरेपर्यंत आम्ही आकडे मोजतो, काल सतरापर्यंत गेले.

मी बारा वर्षं नर्स आहे, दादा. ते पान मी उभ्याउभ्या वाचलं आणि मला सगळं कळलं. डॉक्टरांनी तुम्हाला जे मे महिन्यात सांगितलं ते मला रिद्धीने जुलैत सांगितलं. तुम्ही लपवलंत, पण माझ्यापासून काही लपलं नव्हतं.

मी हिशेब केला, ग्लेनिसकडे दिवस आहेत, आईकडे महिने. आईजवळ तुम्ही आहात, वहिनी आहे, नात आहे, ग्लेनिसजवळ मी आहे. तो हिशेब चुकला. पण तेवढंच नव्हतं. ग्लेनिसच्या उशाशी मला काय करायचं ते येत होतं. इंजेक्शन कधी, कूस कधी बदलायची, तोंड कधी ओलं करायचं. आईच्या उशाशी मी तिच्या आजारपणात एक दिवस बसले नव्हते, आणि बसले असते तर तिने विचारलं असतं की एवढे दिवस कुठे होतीस. त्याची मला भीती वाटली. म्हणून मी अरीमाला गेले, आणि चौदा तारखेनंतर निघता येत होतं तरी तिथेच थांबले.

हे वाचून तुम्ही मला अजूनही यायला सांगाल की नाही, ठाऊक नाही. तिकीट मी अजून काढलेलं नाही. रिद्धीला ते पान पोचलं होतं असं सांगू नका. तिने कळवूनही तिची आई आली नाही, हे तिला दहाव्या वर्षी कळायला नको. मोठी झाली की मीच सांगेन.

लोभ असावा असं लिहायला हात धजत नाही. रिद्धीवर आहे तो तसाच राहू द्या.

प्रमिला