यामिनीची पद्मिनी

५ नोव्हेंबर, बुधवार

देवळीहून मामाजींचा फोन. पुढच्या रविवारी, सोळा तारखेला, टेम्पो घेऊन येतात म्हणे. "माही गाडी नेतो अन् माहं मशीन तिच्यात परत बसवतो. मिस्तरीले सांगून ठेवलं." मी "बरं" म्हणालो. सासऱ्यांना दुसरं काही म्हणायला मला कधी जमलंच नाही.

गाडी म्हणजे त्यांची ८६ सालची पद्मिनी. गोठ्यात पडली होती. यामिनीने मागून आणली, स्वतःच्या नावावर केली, आरटीओची परवानगी काढली आणि वर्षभर आमच्या शेडमध्ये तिच्यात ईको व्हॅनचं इंजिन बसवत होती. दिवसा आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या पोरांना शिकवायचं, संध्याकाळी हे. जुनं इंजिन काढलेलं पाहून मामाजी म्हणाले होते, "कापली माही गाडी!" तेव्हापासून लेकीशी धड बोलले नाहीत.

ऑगस्टमध्ये तिला डेंग्यू झाला. काम थोडंच उरलं होतं.

६ नोव्हेंबर

ती गेल्यावर आज पहिल्यांदा शेड उघडलं. बॉनेट उचलून पाहत उभा राहिलो. मला यातलं काही कळत नाही — मी फायली पाहणारा माणूस. पण नीटनेटकेपणा कळतो! एक वायर लोंबत नाही. इंजिन ज्या ब्रॅकेटांवर टेकलंय, ते तिने आधी साडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचे कापले होते. बसवून पाहायची, चुकायची, पुन्हा कापायची. पुठ्ठा बरोबर बसला तेव्हाच लोखंडाला हात लावला. पुठ्ठे अजून खिळ्याला टांगलेले आहेत.

जुनं इंजिन कोपऱ्यात. ग्रीस लावून, गोणपाटात गुंडाळून.

हे सगळं उपसून काढणार?

८ नोव्हेंबर

बंडूजींना बोलावलं. यामिनीसोबत शिकवायचे. म्हटलं, एकदा चालू करून द्या. मामाजींनी निदान ऐकावं, मग न्यायची तर नेवोत.

ते गाडीखाली शिरले आणि तिथूनच ओरडले, "माधवभाऊ, खाली वाका! मॅडमचं काम पाहा!"

कसलेल्या प्रत्येक नटावर बारीक लाल रेघ. अर्धी नटावर, अर्धी बाजूच्या लोखंडावर. "नट हलला का रेघ तुटते, लगेच दिसते. आमी पेंट लावतो, मॅडमचं नेलपॉलिश! रेघ नाई तिथं काम बाकी. मले कोनाले काही इचारायचीच गरज नाई!"

बाटली तिच्या पान्यांच्या पेटीत सापडली. नखांना लावलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

११ नोव्हेंबर

मागच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टचे नट राहिले होते. बंडूजींनी कसले, रेघा मला मारायला लावल्या. वाकड्या आल्या. "मॅडमनं पुसून पुन्हा मारायले लावल्या असत्या!" — हसू आलं. बऱ्याच दिवसांनी.

१५ नोव्हेंबर

चालू झाली!!

बंडूजींनी पाण्याचा पेला इंजिनवर ठेवला. पाणी थरथरलं, सांडलं नाही. काय काम करून ठेवलंय हिने!

१६ नोव्हेंबर, रविवार

मामाजी आले, मागे टेम्पो. मी किल्ली फिरवली. ते थबकले. "चालू हाय?" — आवाज इतका कमी, की कान लावून विचारतात!

बॉनेटमध्ये वाकले आणि एकदम भडकले. "मशीनले कुंकू कोनं लावलं? पोरगी जाऊन वर्स नाई झालं अन् घरात पूजा करून राह्यले?"

कुंकू नाही, म्हणालो. आणि मग थांबताच येईना. रेघा, पुठ्ठे, वायरी, सगळं सांगत सुटलो. इतकी वर्षं यांच्याशी 'हो' आणि 'बरं' एवढ्यावर निभावलं, आज तोंड बंदच होईना! त्यांनी मधे एकदाच विचारलं, "हे सारं तिनं एकटीनं?" मग गोणपाट सोडून आपलं इंजिन पाहिलं. बोटाला आलेलं ग्रीस चोळत राहिले.

"किल्ली द्या."

मी शेजारी बसलो. गिअर टाकायला त्यांचा हात स्टीअरिंगपाशी गेला — जुना दांडा तिथे असायचा, आता काहीच नाही! जोरदार शिवी. मी खालचा दांडा दाखवला. पुलाच्या चढावर हात पुन्हा वर गेला, सवयीने. पण गिअर बदलायची वेळच आली नाही. "चढली!" म्हणाले. "माह्यावाल्या मशीननं इथं दम टाकला असता." मग, मला सांगायला पाहिजे होतं तिनं, असं काहीसं पुटपुटले. तुम्ही बोलत कुठे होता, हे ओठांवर आलं होतं. तिथेच ठेवलं.

टेम्पो रिकामा गेला. गाडी ते स्वतः चालवत देवळीला घेऊन गेले. "तिच्या मायले दाखवतो. सांजेले आणून देतो."

१७ नोव्हेंबर

काल गाडी आली नाही. सकाळी फोन आला. "माधवराव, गाडी राहू द्या माह्यापाशी. जशी हाय तशीच, हात नाई लावत. अन् थे जुनं मशीन इकून टाका."

"बरं," म्हणालो.

काल इतकं बोललो कशाला!