पॅसेजभर ग्रीटिंगं

८ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

इकडे सगळं ठीक. म्हणजे मी ठीक, तुझी वहिनी कामात आणि बाबा खुर्चीत.

खुब्याचं ऑपरेशन होऊन आता बरेच दिवस झाले. व्यायाम करून घ्यायला बाई येतात, तेव्हा बाबा वॉकर धरून शहाण्यासारखे खिडकीपर्यंत जाऊन येतात. बाई जिना उतरल्या की पुन्हा खुर्ची. जेवण खुर्चीत, पेपर खुर्चीत, अंघोळीऐवजी अंग पुसणं खुर्चीत, माझ्यावर ओरडणंही खुर्चीतूनच. परवा डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की हाड उत्तम जुळलंय, पण हे असेच बसून राहिले तर पायातली ताकद जाईल आणि मग मनात आलं तरी उठता येणार नाही. बाबांना हे सांगायची माझी हिंमत झाली नाही.

त्यात वर्षअखेर आली आणि ग्रीटिंग कार्डांचा ढीग पडायला लागला. जन्मभर लांब पल्ल्याची बस चालवलेला माणूस, ओळखी कुठे कमी? दरवर्षी ते स्वतः टीव्हीवर, फ्रिजवर, जागा मिळेल तिथे कार्डं मांडतात आणि येईल त्याला ओढून दाखवतात. यंदा पाकिटंसुद्धा फोडली नाहीत. राहू दे म्हणाले. मला ते ऐकवलं नाही गं.

मी म्हटलं, आपणच लावू. तर तुझ्या वहिनीने सख्ख्या नवऱ्याला दम दिला, की पॅसेज तिने स्वतःच्या हाताने रंगवलाय, एक खिळा ठोकलास किंवा चिकटपट्टी लावलीस तर कार्डांऐवजी तुलाच टांगीन. ताई, तू दुकानांच्या काचा सजवतेस, आता घरच्यांसाठी जरा डोकं चालव.

तुझ्या उत्तराच्या वाटेवर डोळे लावून बसलेला,
तुझा धाकटा

१३ डिसेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुला टांगायचा बेत मला पसंत आहे, वहिनीला कळव. पण तू जड पडशील, म्हणून आधी कार्डांचं बघू.

खिळ्याशिवाय कितीतरी गोष्टी होतात. माळ्यावर मोडकी छत्री असेल, तिचं कापड काढ आणि काड्यांना कार्डं अडकव, छान झुंबर होतं. कुंडीत एखादी वाळकी फांदी खोचून तिच्यावर लाव. रुंद रिबीन दाराच्या वरच्या कडेवरून मागे टाकून बांध आणि पुढच्या बाजूला कपड्यांचे चिमटे लाव. रंगाला ओरखडाही येणार नाही. माझ्या हाताखालची कारागीर मुलगी तर शिडी भिंतीला टेकवते आणि तिच्या पायऱ्यांवर कार्डं मांडते, तेही फार गोड दिसतं.

पण खरी गोष्ट ऐक. आम्ही दुकानात सगळ्यात देखणी वस्तू कधीच पुढे ठेवत नाही. पुढून तिची नुसती झलक दिसते, बघायचं तर माणसाला आत यावं लागतं. तेव्हा बाबांच्या खोलीत एकही कार्ड लावू नकोस. पॅसेजमधल्या दारांना रिबिनी बांध. खुर्चीतून रंग दिसला पाहिजे, अक्षर दिसता कामा नये. बाबांच्या बसवरच्या कंडक्टरकाकांचं कार्ड सगळ्यात शेवटी, पार न्हाणीघराच्या दाराला. त्यांनी आत काय चावटपणा लिहिलाय हे कळल्याशिवाय बाबांना चैन पडायचं नाही.

काळजी करू नकोस, आणि काळजी करत असलास तर निदान जेवून कर.

सगळ्यांना जवळ घेऊन,
ताई

२० डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझी युक्ती इतकी छान चालली, की आम्ही ती स्वतःच्या हाताने बुडवली. क्रमाने सांगतो.

दारादाराला रिबिनी लागल्या. बाबांनी पहिला दिवस तिकडे पाहिलंच नाही. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, की तू चष्म्याच्या दुकानात भिंगं घासतोस ना, मग खुर्चीतून पॅसेज वाचता येईल असा चष्मा घासून आण. मी म्हटलं, तसा नंबर निघत नाही. मग त्यांनी वहिनीला वाचून दाखवायला लावलं. ती तुझीच वहिनी. मोठ्याने वाचायला लागली, आणि मजकूर ऐन रंगात आला की दूध उतू जातंय म्हणून स्वयंपाकघरात पळायची. असं तिसऱ्यांदा दूध उतू गेल्यावर बाबा चिडून उठले.

ताई, वॉकर सरकल्याचा आवाज आला! आम्ही दोघं स्वयंपाकघराच्या दारामागे श्वास रोखून उभे. पहिल्या दारापाशी थांबले, वाचलं, हसले. दुसऱ्या दारापाशी आले. आणि माझ्याच्याने राहवलं नाही, मी टाळ्या वाजवल्या. वहिनीनेही वाजवल्या.

त्यांनी वळून आमच्याकडे पाहिलं. मग रिबिनींकडे. सगळा डाव त्यांच्या ध्यानात आला. म्हणाले, मी काय पहिलं पाऊल टाकणारं बाळ आहे? हे सगळं काढा. आणि खुर्चीत जाऊन बसले. तेव्हापासून माझ्याशी बोलणं बंद आहे. व्यायामाच्या बाईंनाही आज दारातूनच परत पाठवलं. आम्ही कार्डं काढून डब्यात ठेवली. पॅसेज भकास दिसतोय आणि वहिनी स्वतःवरच चिडून भांडी घासतेय.

आता काय करू ते सांग. बोलणी खायला तयार असलेला,
तुझा धाकटा

२३ डिसेंबर

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

रिबिनींची अक्कल माझी होती. धाकट्याने फक्त टाळ्या वाजवल्या, त्या मात्र त्याच्या स्वतःच्या. तेव्हा त्याच्याशी बोला आणि माझ्याशी अबोला धरा. मी लांब आहे, मला सोसेल.

बाबा, तुम्हाला फसवून चालवायला नको होतं. तुम्हाला विचारायला हवं होतं. डॉक्टर म्हणालेत, की आत्ता चालला नाहीत तर पुढे पाय साथ देणार नाहीत. धाकट्याला हे तुम्हाला सांगता येईना, म्हणून मी सांगते. तो माझ्यावर रागावेल, रागावू दे. मला फार भीती वाटते आहे.

हाड जुळलंय, मग पाऊल कुठे अडतंय? हट्ट म्हणावं तर तुमचा हट्ट मला ठाऊक आहे, तो इतका गप्प नसतो. तुम्ही म्हणाल ती कार्डं तुम्ही म्हणाल तिथे लागतील. नको म्हणालात तर डब्यात राहतील. पण काय होतंय ते एकदा सांगा.

रागावलात तरी तुमचीच,
थोरली

२ जानेवारी

चि. थोरलीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. अबोला मोडला आहे. गप्प बसून माझाच घसा धरला होता.

तू विचारलंस म्हणून लिहितो. मी पडलो तो न्हाणीघराच्या वळणावर, अंधारात, हाताला धरायला काही नसताना. आणि तुम्ही हुशार पोरांनी कंडक्टरचं कार्ड नेमकं तिथे लावलं! पाय दुखत नव्हता गं. त्या वळणाकडे पाहिलं की पाऊल मागे फिरायचं. जन्मभर घाटात बस चढवली-उतरवली, आणि आता स्वतःच्या घरातल्या वळणाला घाबरतो, हे पोराला कुठल्या तोंडाने सांगणार?

तुझं पत्र मी सूनबाईला वाचायला दिलं आणि हेही सांगितलं. दुपारी घरभर घरघर ऐकू आली. पाहतो तर तिने शेजारून ड्रिल आणलेलं आणि आपल्या त्या लाडक्या भिंतीला स्वतः भोकं पाडत होती. खोलीपासून वळणापार कमरेच्या उंचीवर तिने गुळगुळीत लाकडी दांडा बसवलाय. वळणावर दिवा लावलाय. दांड्याच्या वर दोरी आणि दोरीला कार्डं. एक हात दांड्यावर ठेवायचा आणि वाचत वाचत पुढे जायचं. मध्ये एक स्टूल आहे, ते मी मागून घेतलं. धाकट्याने ते पुसलं आणि टाळ्या न वाजवता आत गेला. सुधारतोय.

कंडक्टरने काय लिहिलंय ते तुला सांगण्यासारखं नाही. मी मात्र वळणावर उभा राहून इतका हसलो, की व्यायामाच्या बाई धावत आल्या.

काल तुझं कार्ड आलं. सूनबाई आणायला निघाली, तिला म्हटलं थांब, मीही येतो. कठडा धरून, एकेक पायरी करत खाली गेलो आणि जिन्याखालच्या आपल्या पत्रांच्या पेटीतून ते स्वतः काढलं. वर यायला बराच वेळ लागला, पण घाई कोणाला होती?

हे पत्र कोपऱ्यावरच्या टपालपेटीत मीच टाकणार आहे. सूनबाई माझ्या चपला घेऊन दारात उभी आहे, धाकटा उगाच किल्ल्या शोधतोय. तेव्हा इथेच पुरे करतो.

निघालो,
बाबा